पालथं झोपायचं

गिरणीतला प्रत्येक तागा तपासनिसांच्या नजरेखालून जायचा. उजेडाच्या टेबलावर कापड सरकत राही आणि सुटलेला धागा असो, गाठ असो की डाग, त्यांचं बोट नेमकं तिथे पडे. मग तागा एक तर ‘पास’, नाहीतर मागे. पास कमी, मागे जास्त. गिरणीत त्यांना सगळे ‘भिंग’ म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची कोणाची टाप होती?

निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, पण बोट राहिलं. ते घरभर फिरू लागलं. कपाटावरची धूळ, कपाच्या कानाशी चिकटलेला साबण, बायकोच्या बाहीची उसवलेली शिवण. एवढ्या संसारात बायको एकदाही पास झाली नव्हती. तिनेही मनातला जमाखर्च कधीच गुंडाळून ठेवला होता, कारण जमेकडे मांडायला काही सापडतच नव्हतं. जेवायला ती मागून बसे. आधी त्यांचं ताट, मग त्यांची तक्रार, मग मीठ, मग पाणी, मग पुन्हा तक्रार. तिच्या वाट्याला अन्न यायचं तेव्हा त्यातला जीव गेलेला असे.

एक डोळा तपासनिसांनी स्वतःच्या हट्टाने घालवला होता. डोळ्यापुढे काळे ठिपके नाचत होते, कडेने सावली सरकत होती, तरी ‘दिवाच खराब आहे’ म्हणून बसून राहिले. उरलेल्या डोळ्यात तीच सावली आली तेव्हा मात्र ते निमूट इस्पितळात गेले.

शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही समोर बसवलं. वयाने तरुण, बोलायला सरळ.

“डोळ्याच्या आतला पडदा मागून सुटला होता. तो लेझरने डागून जागेवर बसवलाय आणि वायूचा एक बुडबुडा आत सोडलाय. बुडबुडा नेहमी वर चढतो. तुम्ही पालथे असलात की तो मागच्या पडद्याला दाबून धरेल. उताणे झालात की पुढे येईल, मग पडदा मोकळा. तेव्हा पालथं झोपायचं. बसायचं तेही मान खाली घालून. मी थांबा म्हणेपर्यंत.” मग बायकोकडे वळून त्या म्हणाल्या, “झोपेत माणूस वळतोच. वळले की लगेच परत पालथं करायचं. माझं काम झालं, आता तुमचं सुरू.”

“हिला जमेल असं वाटत नाही,” तपासनीस फरशीला म्हणाले.

“दुसरी कोणी आहे का?”

दुसरी कोणी नव्हती.

चेहरा टेकवायला मऊ कडं असलेली एक खुर्ची भाड्याने आली. तपासनीस त्यात तोंड घालून बसू लागले. डोळ्यात वायू, त्यामुळे पुढे नुसतं धुकं. बोटाचं काम मग कानाने उचललं.

“नळ गळतोय.”

“बंद केलाय.”

“नीट बंद कर. आणि आज टाच घासत चालतेस.”

नणंद फळं घेऊन आली. भावाला असं पाहून तिला राहवेना.

“दादा, जन्मभर दुसऱ्यांना माना खाली घालायला लावल्यास. आता कसं वाटतंय?”

“तू बोलायला लागलीस की डोळा दुखतो.”

“डोळा नाही रे, खोड दुखते.”

स्वयंपाकघरात आल्यावर मात्र तिचा आवाज उतरला. “वहिनी, चेष्टा वेगळी. एकच डोळा उरलाय. तो गेला तर दादाचं काय होईल ते होईल, तुझं काय होईल याचा विचार कर.”

वहिनीने मान हलवली. विचार केलेलाच होता. रात्री ती त्यांच्या दोन्ही अंगांना उशा लावून शेजारी ताठ बसे. ते वळले की खांद्याखाली हात घालून परत पालथं करी, आणि दर वेळी शिवी खाई. एका दुपारी तर त्यांचं झोपेतलं कोपर असं काही फिरलं, की तिचा ओठ फाटला.

“झोपू दे की बये जरा!” ते पुटपुटले आणि घोरू लागले.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते कलंडले आणि उताणे झाले. तिने नुकतंच स्वतःला वाढून घेतलं होतं. भाताची वाफ तोंडावर येत होती. ओठ अजून ठणकत होता. दोन घास खाते आणि उठते, ती स्वतःशी म्हणाली.

दोन घासांचे चार झाले. घरात कोणी काही बोलत नव्हतं. तिने धुळीच्या भीतीने सदा बंद असणारी खिडकी उघडली, आणखी भात घेतला, त्यांच्या खुर्चीवर पाय टाकून सावकाश जेवली. घोरणं पातळ झालं तसं ताट ठेवून तिने त्यांना अलगद पालथं केलं.

“पालथाच होतो ना?” जाग येताच त्यांनी विचारलं.

“हो.”

इतकं सहज आलं ते तोंडातून, की तिलाच नवल वाटलं.

मग रोजच तसं होऊ लागलं. सूडबीड तिच्या डोक्यात नव्हता. गरम जेवायचं होतं, एवढंच. दुपारची उधारी ती रात्री फेडायची, पापणी न मिटता. तिच्या हिशोबात ते भागत होतं. बुडबुड्याला हा हिशोब कोणी सांगितला नव्हता.

तपासणीला डॉक्टरीणबाई यंत्रातून बराच वेळ बघत राहिल्या.

“पडदा पुन्हा सुटलाय. नुसता सुटला नाही, चुरगळलाय. वायूऐवजी तेल घालून एकदा बघता येईल, पण उजेड-अंधार कळला तरी पुष्कळ.” त्यांनी दोघांकडे पाहिलं. “पालथे होतात ना?”

बायकोने तोंड उघडलं. जिभेवर आलेलं होतं सगळं, वाफेसकट.

“हिला काही विचारू नका,” तपासनीस म्हणाले. “रात्र-रात्र बसली होती ही. मी शिव्या घालायचो तरी वळवायची. माझ्या डोळ्यातच खोट असेल. हिच्या कामात नाही.”

तिचं तोंड मिटलं. एवढ्या वर्षांनी तागा पास झाला होता.

तेल घातलं. उजेड-अंधार तेवढा कळू लागला. आता ते कसेही झोपले तरी चालणार होतं. घरात ते तिचं कोपर धरून चालत. तिची बाही बोटांत चाचपत, पण शिवणीबद्दल काही बोलत नसत. एके दिवशी तिने त्यांना जेवायला टेबलाशी बसवलं, ताट पुढे सरकवलं.

“तुझं वाढलंस?”

“मागून बसते.”

“मागून कशाला? गरम आहे तोवर घे. इथे, माझ्याजवळ.”

तिने वाढून घेतलं. भाताची वाफ वर येत होती. ती ताटाकडे बघत बसली.

तपासनिसांनी मान तिरकी केली, कान तिच्याकडे वळवला.

“चावल्याचा आवाज येत नाही. जेवतेस ना?”

“हो,” ती म्हणाली, आणि घास तोंडात घालून त्यांना ऐकू जाईल असा चावू लागली.