दोन सांध्यांचा पट्टा

मी एक जुनी, पायाने चालणारी शिलाई मशीन आहे. म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये, रस्त्याकडे दार असलेल्या एका खोलीत राहते. मित्रांनो, राहते म्हटलं तरी मला स्वस्थ बसता येत नाही. रस्त्यावरून बस गेली की माझं चाक जरासं हलतं. वाटतं, कुणीतरी पायडलवर पाय ठेवला. कुणी ठेवलेला नसतो.

सुमित्राबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला दिलं. तेव्हा माझ्या अंगावर सोनेरी वेल होती. आता तिचं एकच पान उरलं आहे, तेही जिथे कापड घासत नाही तिथे. घरात कामाची वाटणी ठरलेली होती. कापायचं हणमंतरावांनी, शिवायचं सुमित्राबाईंनी. हणमंतराव टेबलाशी उभे राहून खडूने रेघा मारत आणि कात्री चालवत. माझ्यासमोर ते कधीच बसले नाहीत. शाळेचे गणवेश, झंपर, परकर, देवळातल्या विठोबाचे कपडे, सगळं माझ्या सुईखालून गेलं. गिऱ्हाइकं म्हणत, "हणमंतरावांची कटिंग म्हणजे कटिंग!" शिलाईचं नाव कुणी काढत नसे.

एकदा गणवेशांच्या घाईत माझा पट्टा तुटला. हा चामड्याचा पट्टा खालचं मोठं चाक आणि वरचं लहान चाक जोडतो. सुमित्राबाईंनी त्यात चार बोटं लांबीचा दुसरा तुकडा घातला आणि दोन्हीकडे तारेने सांधला. त्या दिवसापासून माझा आवाज बदलला. दोन सांधे एकामागून एक वरच्या चाकावरून जात तेव्हा टक-टक व्हायचं. मग लांब गर्र. मग पुन्हा टक-टक.

"नवा पट्टा आणतो," हणमंतराव म्हणाले.

"पट्टा राहू द्या. मोटर बसवा. गुडघे दुखतात माझे."

"बसवू. गणवेशाचा सीझन संपू दे."

सीझन दरवर्षी संपत होता आणि दरवर्षी येत होता.

त्यांची मुलगी वर्षिणी माझ्या पायडलशेजारी बसून वाढली. पाढे म्हणायची तेही माझ्या ठेक्यावर. कॉलेजात गेल्यावर पाढ्यांच्या जागी तिचे स्वतःचे शब्द आले. ती रॅप करू लागली. कन्नडात जुळवायची, मध्येच घरातली मराठी घालायची. कुवेंपुनगरच्या एका बागेत दर रविवारी सकाळी तरुण मुलंमुली गोल करून उभी राहत आणि एकमेकांना शब्दांनी हरवत. पहिल्याच दिवशी शरत नावाच्या मुलाने तिला टोमणा मारला, "ए टेलर, इथे बटन लावायला आलीस काय?" घरी आली ती खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत राहिली.

"आई, मशीन चालव."

"कापड नाही गं हातात. रिकामी चालवू?"

"चिंधीवर चालव. सुम्ने चालव, उगाच. थांबू नको."

सुमित्राबाईंनी एक चिंधी सुईखाली सरकवली. पुढच्या रविवारी वर्षिणीने बागेत उत्तर दिलं. होतं कन्नडात, मी जमेल तसं मराठीत सांगते.

"मोठा तुझा गळा शरत, मोठं तुझं काज,
बटन कुठे हरवलंस ते शोधून देते आज."

म्हणे, सगळ्यात आधी शरतच हसला. त्या दिवशी तिचं नाव 'शिंपीण' पडलं. चिडवायला ठेवलेलं नाव तिने दुकानाच्या पाटीसारखं मिरवलं. मग ती बसस्टँडवर म्हणू लागली, बाजाराच्या तोंडाशी म्हणू लागली. तिचे व्हिडिओ फोनाफोनांवर फिरले. बंगळूरहून बोलावणं आलं. पण प्रत्येक गाणं आधी माझ्यापाशी, एका चिंधीवर झालं. अशा चिंध्यांनी एक डबा भरला.

"ही कसली शिलाई?" हणमंतराव एक चिंधी उचलून म्हणाले. "ना बाही, ना खिसा. सुम्ने दोरा फुकट."

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही कापणारे."

"आणि ही! देवळात टाळ धर म्हटलं तर नको, चौकात ओरडायला हवं."

"चौकात लोक जागे असतात, अप्पा," वर्षिणी म्हणाली. सुमित्राबाईंना इतकं हसू आलं की त्यांचा पाय चुकला आणि माझा दोरा तुटला.

मार्गशीर्षात सुमित्राबाई गेल्या. तीन दिवसांचा ताप झाला आणि गेल्या.

माझ्यावर चादर टाकली गेली. हणमंतराव कात्री हातात घेत आणि परत ठेवत. वर्षिणी बाहेर जायची, लगेच परत यायची, पुन्हा बाहेर जायची. तीन महिने तिने एक ओळ जुळवली नाही. मग हूटगळ्ळीच्या एका मैदानावर रविवारी संध्याकाळी कार्यक्रम ठरला. माझ्याजवळ उभी राहून ती फोनवर शरतला म्हणाली, "एकच गाणं म्हणणार. आईचं. ठेका तिच्या मशीनचा. शनिवारी रेकॉर्ड करते." हणमंतराव तेव्हा देवळात गेले होते.

शुक्रवारी ते मेकॅनिक चिदंबरला घेऊन आले. माझी चादर काढली. जुना पट्टा सोडवला. मला मोटर बसली.

"आता चालवणार कोण, हणमंतराव?" चिदंबरने विचारलं.

त्यांनी त्याच्या हातावर पैसे ठेवले. चिदंबर गेल्यावर माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "बसवली बघ."

शनिवारी वर्षिणी फोन घेऊन आली. तिने बटण दाबलं आणि मी एकसुरी आवाजात चालले, पंख्यासारखी. टक-टक नव्हतं.

"अप्पा, हे काय केलंत?"

"तिने मागितली होती."

"तेव्हा दिली नाहीत. आता कुणाला देताय?"

हणमंतरावांनी मोटरचं बटण बंद केलं.

"तिचा पट्टा कुठाय?"

"चिदंबरने नेला."

वर्षिणीने शरतला फोन लावला. "माझं नाव काढ यादीतून. ठेकाच नाही माझ्याकडे. बेडा, नकोच, तू येऊ नको." ती बोलत असतानाच हणमंतराव बाहेर पडले. चष्मा टेबलावरच राहिला.

तासाभराने परत आले तेव्हा हातात पट्टा होता. चिदंबरने त्या पट्ट्याने स्कूटरवर अवजारांची पेटी बांधली होती. हणमंतरावांनी स्वतः मोटर उतरवली, पट्टा चढवला आणि मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर बसले.

"तू म्हण. मी चालवतो."

त्यांनी पाय दाबला. चाक उलटं फिरलं, दोऱ्याचा गुंता झाला.

"अप्पा, चाळीस वर्षं टेलर ना तुम्ही? आधी हाताने वरचं चाक स्वतःकडे फिरवा, मग पाय."

"मी कटर."

ती किंचित हसली. त्यांनी चाक फिरवलं. टक-टक आलं, पण लंगडत आलं. कधी लवकर, कधी उशिरा.

"तिच्यासारखं येत नाही," ते म्हणाले.

"नाहीच येत. चालवा."

त्या दिवशी तिने रेकॉर्डिंग केलं नाही. शरतला पुन्हा फोन केला, नाव राहू दे म्हणाली. रविवारी त्यांनी मला मालाच्या ऑटोत चढवलं. मैदानावर पोरं ओरडत होती, "डीजे यारु? डीजे कोण?" शरतने माइक घेतला आणि सांगितलं, "डीजे हणमंत अप्पा!" मोठा हशा झाला. माझ्याजवळ दुसरा माइक ठेवला. हणमंतरावांनी खिशातून चिंधी काढली आणि सुईखाली घातली.

वर्षिणी म्हणू लागली. हणमंतराव चुकायचे तिथे ती थांबायची, टक-टक आलं की पुढे जायची. मग या ओळी आल्या. या तिने मराठीतच ठेवल्या होत्या.

"गुडघे तिचे दुखत होते, शब्द माझे जुळत होते,
थांबू नको म्हणत होते, मला कुठे कळत होते?"

हणमंतरावांचा पाय थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की ही चूक एकट्या त्यांचीच आहे. वर्षिणीने ती गप्प जागा भरली नाही. माइक खाली धरून ती वाट पाहत राहिली. मग त्यांनी हाताने चाक फिरवलं. टक-टक. ती पुढे गेली.

ती चिंधी आता सुमित्राबाईंच्या डब्यात सगळ्यांत वर आहे. शिलाई वाकडी आहे, मध्ये एका जागी दोऱ्याची गाठ आहे. रोज संध्याकाळी हणमंतराव माझ्यासमोर बसतात. वर्षिणी फेऱ्या मारत शब्द जुळवते. दहा मिनिटं झाली की स्वतःच म्हणते, "अप्पा, पुरे. पाय ताणा."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू घरात असतील तर त्यांना तेल घाला, धूळ पुसा. दुरुस्त करण्याआधी त्यांचा आवाज एकदा ऐका. पण त्याहून आधी, त्या वस्तूवर ज्यांचे हातपाय झिजतात त्यांचं ऐका. कुणी गुडघे दुखतात म्हणालं तर सीझन संपायची वाट बघू नका.

मोटर टेबलाखाली खोक्यात आहे. चांगली आहे, नवी आहे. तिचा काही दोष नाही. ती फक्त उशिरा आली.