हिंगुळाचे कडे

साक्रीच्या एका शाळेतला जुना, वाळलेला मासा आहे मी, मित्रांनो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर माझा मुक्काम. अंगावर खवले नाहीत. षटकोनी तुकडे जुळवून केलेली एक कडक पेटीच आहे. डोळ्यांवर दोन आखूड शिंगे, शेपटीकडे दोन काटे आणि पाठीच्या मधोमध एक मोठा काटा आहे. होता, म्हणायला हवे.

समुद्रात मी प्रवाळाच्या आडोशाने सावकाश पोहायचो. एक दिवस जाळ्यात आलो, उन्हात वाळलो, आणि सहलीला आलेल्या एका सरांनी मला रुमालात गुंडाळून इकडे आणले. त्यांनी माझ्यापुढे नावाची चिठ्ठी ठेवली. मुले रांगेने बघून गेली. पुढे सरांची बदली झाली, चिठ्ठी कसरीने खाल्ली. नाव गेले, तशा नजराही गेल्या. समुद्र इतका लांब, की माझ्या गावचे कुणी येईल ही आशाही नव्हती.

बोलायचे ते एकटे भिकनभाऊ, शाळेचे शिपाई. पोळ्याला शाळा बंद असे, पण किल्ल्या त्यांच्याकडे. घरचे बैल सजवून झाले, की शिंगांना लावून वाटीत उरलेला लाल हिंगूळ घेऊन ते यायचे.

"तू बी शिंगवाला शे. आज तुना बी सण!"

काडीला कापूस गुंडाळून ते माझी शिंगे रंगवत, शेपटीचे काटे रंगवत, पाठीचा काटा तर अगदी बुडापासून.

"आते कसा नवरदेव दिखस!"

वर्षातून तेवढाच एक हात अंगावरून फिरायचा. मग भिकनभाऊ निवृत्त झाले. कपाट सरकवताना माझ्या पाठीचा काटा मोडला आणि केरात गेला. कुणाला कळलेही नाही.

यंदा प्रयोगशाळा नव्या इमारतीत न्यायची ठरली. हुकूम निघाला, ज्याला नाव नाही ते खड्ड्यात पुरा. नव्या शिपाई मंदाबाईंनी मला केराच्या पाटीत टाकले.

"थांबा मंदामावशी," विज्ञानाच्या स्नेहल मॅडम म्हणाल्या.

"खेळणं दिसतंय मॅडम. रंग फासेल शे."

"नाव सापडलं तर ठेवू."

मॅडमनी पुस्तक उघडले. "हा गायमासा. पण कुठला? एकाची शिंगं लांब असतात. दुसऱ्याची आखूड, आणि पाठीवर मोठा काटा. याची शिंगं मुळात आखूड, की झिजलेली? काटा तर नाहीच."

काटा होता हो, मला ओरडावेसे वाटले. पण वाळलेल्या तोंडातून काय निघणार?

मंदाबाईंनी ओल्या फडक्याने माझी धूळ पुसली आणि त्या थबकल्या. "मॅडम, पाठीवर हे लाल कडं कसलं?"

पाठीच्या मधोमध हिंगुळाचे गोल कडे होते. आत मात्र रंग नव्हता, नुसता पांढरा ठिपका.

मग त्यांनाच आठवले. "हाई आमच्या गल्लीतल्या भिकनभाऊचं काम! पोळ्याला टोकदार दिसंल ते बठ्ठं रंगवायचा तो."

मॅडमनी भिंग धरले. "म्हणजे इथं काटा होता! रंग त्याच्या बुडाभोवती बसला, आणि काटा मोडला. सापडलं नाव!"

आता माझ्यापुढे जाड पुठ्ठ्यावर नाव आहे: 'पाठीवर काटा असलेला गायमासा'. मुले वाचतात, पुढे जातात. परवा पोळा झाला. रस्त्यावरून घुंगरे वाजत गेली. मी दिवसभर कान देऊन होतो. कुलपात किल्ली फिरली नाही.

मित्रांनो, जपलेल्या वस्तूपुढे नाव लिहून ठेवा, आणि तिला कधीमधी हात लावा. आणि भिकनभाऊ कुठे भेटले, तर एवढे सांगा: काटा गेला, कडे तेवढे राहिले आहे.