सात म्हणजे सात

मी सांगतोय त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर मलाच शंका येईल. पण एक गोधडी, चांगली दीड माणूस लांब, माझ्या डोळ्यांदेखत विमानाच्या आधी व्हिएतनामला पोचली. विमानाला पाच तास लागले. तिला तीन.

हे मी करंजाड्यात आमच्या सोसायटीच्या बाकावर जवळजवळ रोज संध्याकाळी सांगतो. ऐकणारे दोघे ठरलेले. एक श्यामसुंदर, बँकेतून निवृत्त झालेले, आकडा चुकला की बोट वर करणारे. दुसरा गोटीराम, इथल्या मूळ गावातला. आमची लिफ्ट जिथे वरखाली करते तिथे त्याचं भाताचं शेत होतं, असं तो लिफ्टमध्ये शिरताना दर वेळी सांगतो. आणि माझ्या मांडीला टेकून श्रुती, माझी सहा वर्षांची नात. गोष्ट खरं तर तिच्यासाठीच असते. गोधडी तिची होती.

"तीन तास?" श्यामसुंदर म्हणाले. "हौसेराव, परवा चार होते."

"परवा वारा समोरून होता."

"न गोधरीन पेट्रोल कोन भरला?" गोटीरामनं विचारलं.

"शकुबाईनं भरलं होतं," मी म्हणालो. एवढं मात्र खोटं नव्हतं.

शकुबाई माझी बायको. आमच्या साताऱ्याकडे तिच्या माहेरी गोधडी शिवून होत आली, की शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत भाकरीचा तुकडा घालायचे. गोधडीला उपाशी ठेवायचं नाही. श्रुती सुनेच्या पोटात असताना शकूनं शेवटची गोधडी शिवली. तिची दोन लुगडी, आमच्या रणजीतचा शाळेतला शर्ट आणि बाजारात मी डोक्याला गुंडाळायचो तो पंचा, असं सगळं त्यात गेलं. श्रुतीचं बारसं तिनं पाहिलं आणि महिन्याभरात ती गेली. दीड माणूस लांब वगैरे काही नव्हती ती गोधडी, एका पोराला पुरेल एवढीच होती. भाकरीचा केव्हाच भुगा झाला असेल, पण तो कोपरा हाताला जाड लागायचा. त्यावर अंगठा घासल्याशिवाय पोरगी कधी झोपली नाही.

आता परदेशाचं सांगतो. रणजीत तुर्भ्याला एका कंपनीत आहे. एके दिवशी मोबाइल बघता बघता म्हणाला, "ऋषी दोन वर्षांचा व्हायला अठरा दिवस राहिलेत." ऋषी श्रुतीचा धाकटा भाऊ, मला वाटलं त्याच्या वाढदिवसाचं चाललंय. तर दोन वर्षांच्या आतलं पोर मांडीवर बसून जवळजवळ फुकटात जातं म्हणे. स्वस्तातलं तिकीट त्याच आठवड्यात निघालं होतं. आत्ता नाही तर पोरं मोठी होईपर्यंत नाही, असा हिशेब झाला आणि पोरांना धरायला एक माणूस पाहिजे म्हणून माझंही तिकीट निघालं.

पासपोर्ट आदल्या वर्षीच काढून ठेवला होता. पस्तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी होतो, गोण्यांनी बोटांच्या रेघा पुसून टाकल्यात. पासपोर्ट ऑफिसातल्या मुलीनं चार वेळा बोटं पुसायला लावली, तरी यंत्रावर ठसा उमटेना. बाकावर मी सांगतो की शेवटी तिनं माझ्या कोपराचा ठसा घेतला. श्यामसुंदरांना ते पटलेलं आहे.

स्वस्तातलं तिकीट म्हणजे विमानाच्या पोटात सामान टाकायचं नाही. माणशी हातातली एक बॅग, सात किलो. वर गेलं की काउंटरवर इतके पैसे मागतात की तेवढ्यात साताऱ्याला एक बाळंतपण निघेल. ऋषीला बॅगच नाही, म्हणजे त्याचे लंगोट, दुधाची पावडर सगळं आमच्या चार बॅगांत. शिवाय सुनयनानं, म्हणजे सूनबाईनं, विजेची किटली, उपम्याची पाकिटं आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. पोरं तिथलं खाणार नाहीत आणि दर वेळी हॉटेल परवडणार नाही.

बॅगा भरून झाल्यावर ती म्हणाली, "आबा, शेजारच्या अस्मिताकडे बॅग लटकवायचा काटा आहे. आणते पटकन."

"मी घरात असताना काटा?"

"तसं नाही हो. खात्री म्हणून."

रणजीत हसला. "अगं, आबा गोणी पाठीवर घेऊन पावकिलोपर्यंत सांगायचे. तोलणाऱ्याला विचार."

हे त्याला मीच लहानपणी सांगितलेलं. थोडंफार खरंही होतं. शेतकरी काट्याकडे बघायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. तर मी एकेक बॅग उचलली. पहिली सात. दुसरी सात. तिसऱ्या बॅगेतून मी एक चप्पल काढायला लावली, सात. चौथी श्रुतीची गुलाबी. ती उचलली आणि उजवा खांदा काहीच बोलला नाही. दोन वर्षांपासून तो असाच अधूनमधून मुका होतो. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. डावा हात लावून बघता आला असता, पण तिघं माझ्याकडे बघत उभे होते.

"सात," मी म्हणालो.

"नक्की ना आबा?" सुनयना म्हणाली. "हिच्यात गोधडी आहे."

"सात म्हणजे सात."

काटा आणायला कोणी गेलं नाही.

विमानतळावर रणजीत आणि सुनयना ऋषीला घेऊन, कागद काढून रांगेत उभे राहिले. मी श्रुतीला आणि बॅगांना सांभाळत खुर्च्यांवर बसलो. तिथे एका बाजूला प्रवाशांसाठी काटा ठेवलेला होता. कोणी बघत नाही असं पाहून मी गुलाबी बॅग त्याच्यावर ठेवली. आठ किलो तीनशे. उतरवली, पुन्हा ठेवली. आडवी ठेवून पाहिली. काटा काही माझं ऐकेना.

पुढे रांगेजवळ एका बाईनं बॅग जमिनीवर उघडली होती आणि ती हसत हसत अंगातल्या स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवत होती. म्हणजे उपाय समोरच चालला होता. रणजीतला हाक मारायची, श्रुतीला दोन फ्रॉक जास्तीचे घालायचे, चटणीचा डबा सोडून द्यायचा, दोन मिनिटांचं काम. फक्त आधी म्हणायला लागलं असतं की माझा हात चुकला.

श्रुती मोठ्या काचेला नाक लावून बाहेरची विमानं बघत होती. पाठ माझ्याकडे. मी बॅगेची चेन उघडली, गोधडी ओढून काढली, शकू घालायची तशी चौपदरी घडी घातली आणि शेवटच्या खुर्चीखाली सारली. चेन लावली. बॅग काट्यावर ठेवली. सात. बरोबर सात, एक ग्रॅम इकडेतिकडे नाही.

काउंटरवरच्या पोरानं चारही बॅगा तोलल्या आणि मान हलवली. रणजीत सुनयनाला म्हणाला, "बघितलंस? आणि तू काटा आणायला निघाली होतीस." तिनं कान पकडले आणि हसली. मी खुर्च्यांकडे बघितलं नाही.

समुद्र संपून खाली डोंगर लागले तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की गोधडी मी माझ्याच खांद्यावर टाकली असती तर? माणसाला कोण तोलतं? पस्तीस वर्षं खांद्यावर ओझं वाहिलेल्या माणसाला हे विमानात बसल्यावर सुचलं.

तिथे पोचल्यावर खोलीत बॅगा उघडल्या, तशी श्रुतीनं गोधडी मागितली. सुनयनानं गुलाबी बॅग पालथी केली, मग बाकीच्या तिन्ही. पोरगी रडायला लागली. प्रवासानं रणजीतचं डोकं आधीच तापलं होतं. "एक वस्तू तुला नीट ठेवता येत नाही?" तो बायकोला म्हणाला.

"मी ठेवली होती," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "ठेवली होती ना मी? का पलंगावर राहिली?"

मी ऋषीसाठी केळं सोलत होतो. ते त्यानं खाल्लं. मी आणखी एक सोललं. कोणी मागितलं नव्हतं.

व्हिएतनाम कसं आहे ते मला विचारू नका. तळं होतं, कागदी दिवे होते, रस्त्यावर बुटक्या स्टुलांवर बसून लोक जेवत होते. श्रुती माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून झोपायची. रडली फक्त पहिल्या दिवशी. नंतर अधूनमधून माझ्याकडे बघत राहायची. मला वाटलं, विसरली. पोरं विसरतात.

सुनयना विसरली नाही. घरी आल्यावर तिनं पलंग सरकवला, माळा उपसला, धुण्याचं मशीन भिंतीपासून ओढलं. दुसऱ्या दिवशी मी देवळात जातो सांगून एकटाच विमानतळावर गेलो. सापडलेल्या वस्तूंच्या खोलीतल्या माणसानं मला कपाट उघडून दाखवलं. छत्र्या होत्या, एक कवळी होती, पोरांचे बूट होते, एकेकटे. गोधडी नव्हती. "काका, अशी चादर सफाईवाले टाकून देतात," तो म्हणाला. मला त्याला चादर आणि गोधडीतला फरक सांगायचा होता, पण माझ्या तोंडी ते शोभलं नसतं.

त्या संध्याकाळी मी बाकावर पहिल्यांदा गोधडी उडवली.

तेव्हापासून ती रोज थोडी आणखी लांब उडते. एकदा तिच्यावर बसून दोन बगळे गेले. एकदा ती भाताच्या शेतात उतरली आणि एका म्हाताऱ्या व्हिएतनामी बाईनं आपल्या नातवाला पांघरली. तो भाग सांगताना मला थोडं बरं वाटतं. श्रुती ऐकते. कधी हसते, कधी नाही.

आज मात्र श्यामसुंदरांनी बोट खाली घेतलंच नाही.

"ते बगळे वगैरे राहू द्या," ते म्हणाले. "मला आधी सांगा, गोधडी बॅगेतून बाहेर आली कशी? बॅगेला चेन होती की नाही?"

"होती."

"मग?"

"हां, चेन हाय तर गोधरी कशी जाल?" गोटीरामही सरसावून बसला. "हौश्या, आता बोल."

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. पेट्रोलचं विचारलं, वाऱ्याचं विचारलं, चेनचं नाही. तेवढ्यात ऋषीला कडेवर घेऊन सुनयना आम्हाला जेवायला बोलवायला खाली आली आणि बाकामागे उभी राहिली. मी तिला पाहिलं. पाहूनही थांबलो नाही. गोष्ट सांगणाऱ्याला मध्येच थांबता येत नाही असं मी नेहमी म्हणतो, पण ते खरं नाही. थांबता येतं.

"चेन उघडी राहिली होती," मी म्हणालो. "सूनबाईकडून. दोन पोरं, चार बॅगा, घाईत होतं असं. आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो, आणि असा काही वारा सुटला की बॅगेत शिरला, गोधडीचा फुगा झाला आणि माझ्या हातातून सुटून ती सरळ छताला लागली."

"हो, माझीच चूक झाली ती," सुनयना हळू आवाजात म्हणाली. तिनं ऋषीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "चला आबा, भाकरी गार होतायत."

श्रुती माझ्या मांडीवरून सरकली. आधी आईकडे गेली, तिचा हात धरला आणि मग माझ्याकडे वळली. माझ्याच थाटात, एकेक आकडा मांडल्यासारखी बोलली.

"आबा, तिथे वारा कुठे होता? तिथे काचा होत्या. आणि मम्मीनं चेन लावली होती. तुम्ही उघडलीत. घडी घालून शेवटच्या खुर्चीखाली ठेवलीत. मी विमान बघत होते ना, त्या काचेत सगळं दिसत होतं."