अर्धी काच

"काच आंधळी करून ठेवलीस तू," वडील गाड्या धुण्याच्या दुकानाच्या दारातूनच म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्याने की रांगेतल्या गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकाने ऐकायला खिडकी खाली केली.

ती एका गाडीचा आरसा पुसत होती. हातातलं फडकं तिने सोडलं नाही, उलट जास्त घट्ट धरलं. वडिलांची व्हॅन पावसात तिरकी उभी होती. बंपरचा एक कोपरा आत गेलेला, त्या बाजूचा दिवा फुटलेला. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर आई बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. ती खाली उतरली नाही.

वडील शाळेची व्हॅन चालवत. मुलांना चढवायला-उतरवायला आई बरोबर असे. मुलं त्यांना व्हॅनकाका आणि व्हॅनकाकू म्हणत. काल सकाळी भर पावसात ही व्हॅन शाळेच्या फाटकाच्या खांबावर जाऊन आदळली. मुलं आत होती. एका छोट्या मुलीची हनुवटी फुटली, टाके घालावे लागले. फाटकापाशी पालक जमले तेव्हा वडिलांनी कारण तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं: काचेवर ते पाणी पळवायचं औषध लावलंय, त्याने समोरचं काही दिसलं नाही. कोणी लावलं असं विचारल्यावर म्हणाले, आमच्या मुलीनेच.

ते तिला वडिलांकडून कळलं नव्हतं. मालकाकडून कळलं. सकाळी दुकान उघडताना मालकाने तिला बाजूला घेतलं. काल संध्याकाळपासून त्याला पालकांचे फोन येत होते, आणि एकाने तर शाळेच्या व्हॅनचं ते काम तुमच्याच दुकानाचं ना, असं विचारून ठरलेलं काम रद्द केलं होतं. मालक तसा वाईट माणूस नव्हता. पण तो म्हणाला, चूक तुझी निघाली तर उद्यापासून तू फक्त धुण्याकडे. काचेला हात लावायचा नाही.

काच हेच तर तिचं काम होतं. आसपासच्या गॅरेजांत तिला 'काचवाली' म्हणत. सुरुवातीला चेष्टेने म्हणत, नंतर पत्ता सांगावा तसं म्हणू लागले.

शिवाय वडिलांचा आरोप हवेतला नव्हता, आणि तेच जास्त झोंबत होतं. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं. कोटिंग लावलं की काचेवर न दिसणारा एक पातळ थर बसतो, आणि त्या थराशी पाण्याचं जमत नाही. पाणी अंग चोरून थेंब होऊन बसतं. गाडीने वेग घेतला की वारा त्या थेंबांना काचेवरून वर पळवत नेतो. पण काचेवरचा जुना तेलकटपणा नीट न काढता वरून कोटिंग फासलं, तर तेल खाली तसंच राहतं. वायपर थडथड उडतो, काचेवर धुरकट पट्टे उमटतात, समोरून येणारा दिवा फुटून पसरतो. घाई करणाऱ्या हातून हे होतं. तिच्या हातून कधी झालं नव्हतं. पण काल एका मुलीची हनुवटी फुटली होती, आणि सकाळपासून तिने स्वतःचे हात मनात पुन्हापुन्हा तपासले होते. ती व्हॅन तिने सुट्टीच्या दिवशी केली होती. घरचंच काम. घरचं म्हणून कुठे हात आखडला का? कुठला कोपरा राहिला का?

"गाडी आत घ्या," ती म्हणाली.

वडिलांनी गाडी आत घेतली. आई शेजारून म्हणत होती, हळू, उजवीकडे बादली आहे बरं का. वडील चिडून म्हणाले, दिसतंय मला.

तिने नळीने पाणी मारलं. पूर्ण काचेवर सारखे, गोल, टपोरे थेंब उभे राहिले. एकही पट्टा नाही, एकही कोपरा मेलेला नाही. वायपर लावला, तो गुपचूप फिरला. ती स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिला तारखांसकट वाचता येत होतं.

"काचेला काही झालेलं नाही, बाबा."

"इथे छपराखाली काय कळणार आहे? रस्त्यावर बघ. सगळं पांढरं होतं."

"मग काल तुम्ही वेगात होतात का?"

"फाटकाशी कोण वेगात असतं? आता मला गाडी चालवायला शिकवणार का तू? तुला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला दिलं, ते याच दिवसासाठी?"

खिडकी उघडी ठेवलेलं गिऱ्हाईक हसलं.

मालक मध्ये पडला. म्हणाला, एवढा वाद कशाला, काका, तुमच्यासमोरच काच पहिल्यापासून करू, मग तरी समाधान होईल ना. वडील म्हणाले, करा काय करायचं ते. तिने पॉलिशची पेस्ट घेतली आणि स्वतःच्याच हाताने केलेलं चांगलं काम घासून काढायला लागली. इतकी जोराने की व्हॅन हलत होती. आतमध्ये आई त्या लयीवर थोडी थोडी पुढेमागे होत होती, आणि तरी उतरत नव्हती.

कोटिंग गेलं. पाणी मारल्यावर ते काचेवर चादरीसारखं पसरलं. तिने काच कोरडी केली आणि मधोमध वरपासून खालपर्यंत चिकटपट्टी लावली.

ही दुकानाची जुनी पद्धत होती. गिऱ्हाइकाला फरक दाखवायचा असेल तर आधी अर्धीच काच करायची, आणि तीही ड्रायव्हरच्या समोरची नाही, शेजारच्या सीटसमोरची. मग ड्रायव्हरला आपल्या जागेवर बसवून काचेवर पाणी सोडायचं. मालक म्हणायचा, माणसाला स्वतःला काय हवं ते कळत नाही, पण शेजाऱ्याला मिळालंय ते लगेच हवं असतं. अर्धी काच पाहून मागे फिरलेलं गिऱ्हाईक त्याने अजून पाहिलं नव्हतं.

तिने शेजारची अर्धी बाजू केली. लोकरी फेल्टच्या ठोकळ्याने औषध उभं, मग आडवं, सुकल्यावर फडक्याने चोळून लख्ख. एक चौरस इंच सुटला नाही. चिकटपट्टी काढली, वडिलांना त्यांच्या जागेवर बसवलं आणि पाणी सोडलं. एका बाजूला थेंबांचा सडा, दुसऱ्या बाजूला ओघळ. आंधळ्यालाही कळेल असा फरक, असं मालक एरवी गिऱ्हाइकांना म्हणायचा. आज म्हणाला नाही, एवढंच.

"आता सांगा, काका," तो म्हणाला. "कुठल्या बाजूचं बरं दिसतंय?"

वडील समोर बघत राहिले. आईने पर्स या हातातून त्या हातात घेतली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "माझ्या समोर थेंब थेंब आलेत बघा. तुमच्या समोर नुसतं पाणी पसरलंय."

"माझ्या समोर नुसतं पाणी पसरलंय," वडील म्हणाले. "तिच्या समोर थेंब आहेत."

तिने नळी बंद केली.

गेले कित्येक महिने आई गाडीत अखंड बोलत असे. पुढे सिग्नल लाल झाला हो. त्या सायकलवाल्याला बाई काही घाईच आहे. आली आपली वळणाची जागा. तिने आईची थट्टासुद्धा केली होती: उतारवयात तुम्हा दोघांना गप्पा बऱ्या सुचतात, आम्हाला वाटलं होतं शब्द संपले असतील. आई हसली होती. वडील हसले नव्हते.

"आई, खाली उतर."

"अगं, पाऊस—"

"छपराखाली आहेस. उतर."

आई उतरली. गाडीला धरून उभी राहिली. लेकीने कोरडं फडकं घेतलं आणि पूर्ण काच, दोन्ही बाजू, पुसून कोरडी ठणठणीत केली. मग नळी सोडली, पण पाणी काचेवर मारलं नाही. बॉनेटवर मारलं. पत्र्यावर पाण्याचा ताशा वाजू लागला.

"आता सांगा, बाबा. पाणी कसं दिसतंय?"

वडिलांनी मान थोडी तिरकी केली. कबुतर करतं तशी. बराच वेळ लावला.

"तेच की," ते म्हणाले. "तिकडे थेंब. इकडे पसरलंय."

मालकाने आधी कोरड्या काचेकडे पाहिलं, मग जमिनीकडे. खिडकीतून बघणाऱ्या गिऱ्हाइकाने आपली खिडकी वर केली. ती नळी बंद करायची विसरली, आणि पाणी बॉनेटवरून ओघळून तिच्या बुटांत शिरत राहिलं.

"कधीपासून?" तिने विचारलं. वडिलांना नाही, आईला.

आईने सगळं सांगितलं, हळू आवाजात, भाजी निवडताना सांगावं तसं. यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. उन्हाळ्यातच डॉक्टरांनी सांगितलं, आता चष्म्याने काही होणार नाही. कडेकडेचं दिसतं, समोरचं विरघळल्यासारखं होतं. दोघांनी मिळून ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. रस्ता पाठ आहे, मुलं पाठ आहेत. तू फक्त बोलत राहा, असं ते म्हणाले, आणि आई बोलत राहिली.

"आणि काल?"

"काल मागे एका मुलीची बाटली पडली. ती रडायला लागली. मी मागे वळले." आईने पदराने कोरडंच तोंड पुसलं. "तेवढंच गप्प बसले मी. तेवढंच."

"तेवढंच," ती म्हणाली. "मागे मुलं होती, आई. लोकांची मुलं. तुम्ही दोघं आंधळी कोशिंबीर खेळत होतात आणि लोक तुम्हाला आपली मुलं आणून देत होते. हात करून टाटा करत होते."

तिला वाटलं, आईने निदान रडावं. आई रडली नाही.

ती ड्रायव्हरच्या दाराशी गेली. "आणि वर माझ्या कामावर ढकललंत. भर फाटकात. माझं नाव घेऊन."

वडिलांचे हात अजून स्टिअरिंगवर होते, बरोबर जागच्या जागी. "दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं असतं तर तो भांडायला आला असता," ते म्हणाले. "तू घरची."

यात माफी नव्हती. त्यांना ती फक्त हिशोबाची गोष्ट वाटत होती, आणि त्यानेच तिच्या डोक्यात तिडीक गेली. ओरडावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात वडील खाली उतरले. गाडीच्या पुढे आले, बॉनेटला हात लावत लावत. मग तर्जनी काचेवर ठेवली आणि एका टोकापासून ओढत नेली. ड्रायव्हरच्या बाजूला बोट अडखळलं, चर्र वाजलं. मध्यावर आलं आणि एकदम सुटलं, तेलावरून जावं तसं, शेवटच्या कडेपर्यंत.

"हे तुझं," ते म्हणाले. दोनदा पुन्हा बोट फिरवून पाहिलं. "चांगलं झालंय काम. आधीचंही चांगलंच होतं."

"हे मला नका सांगू," ती म्हणाली. "त्या मुलीच्या आईला सांगा. फोन मी लावून देते. बोलायचं तुम्ही."

"घरी जाऊन—"

"आत्ता. इथे."

आईकडून नंबर घेऊन तिने फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. मालक आत जायला निघाला होता. तिने त्याला थांबा म्हटलं, तो थांबला. वडिलांनी आधी मुलीच्या टाक्यांची चौकशी केली, दूध पिते का विचारलं. मग पलीकडून नुसतं हॅलो, हॅलो ऐकू येऊ लागलं.

"काचेला काही झालं नव्हतं, ताई," ते म्हणाले. "काच उत्तम होती. मलाच दिसत नाही."

नंतर पलीकडची बाई बराच वेळ बोलत होती. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. वडिलांनी फोन कानापासून दूर केला नाही. सगळं ऐकून घेतलं, ताठ उभं राहून. शेवटी म्हणाले, बरोबर आहे तुमचं. आणि पुन्हा एकदा, बरोबर आहे.

मालकाने तिला विचारलं, उरलेली अर्धी करून देतेस ना? तिने मान हलवली. नको म्हणाली. आज नाही.

व्हॅन तिने चालवायला घेतली. वडील शेजारी बसले, आईच्या जागेवर. आई मागे मुलांच्या बाकावर जाऊन बसली, गुडघे वर आलेले. रस्त्यावर वाहनं तुंबली होती आणि पाऊस धरलेला होता. तिच्या समोर पाणी ओघळत होतं, वायपर ते बाजूला सारत होता. वडिलांच्या समोरच्या काचेवर दोन फेऱ्यांच्या मध्ये थेंब जमत होते.

तिचा राग गेला नव्हता. गिअर टाकताना तो हातात येत होता.

"पळतायत का वर?" बऱ्याच वेळाने वडिलांनी विचारलं.

"नाही. वेग नाही एवढा."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि काचेकडे बघत राहिले, मान थोडी तिरकी करून.

पुढचा सिग्नल तिला दिसला होता. तिचा पाय ब्रेककडे निघालाही होता. पण मागून आई सवयीने, हलक्या आवाजात म्हणाली, "लाल झाला हो."

आणि त्या आवाजासरशी शेजारी वडिलांचा उजवा पाय पुढे सरकला आणि रबरी चटईवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, हळूच, गाडीतल्या कोणाला धक्का बसू नये अशा बेताने, पूर्ण दाबला गेला.