तेल शांत झालं की

सकाळच्या पहिल्या घाण्याआधी कढईतलं तेल जसं असतं ना, तशी आमची वंदना बसते. भट्टीच्या मागच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत येते, आधी तेलावर पडते, मग तिच्या गालावर, आणि दोन्हीकडे सारखीच चमकते, सारखीच हलत नाही. मी या इंदूरात जन्मभर सेव तळली, दुसरं काही येत नाही, म्हणून एवढंच छातीठोक सांगू शकतो की तेल आवाज करत नाही. लोक म्हणतात तेल चुरचुरतं, तडतडतं. सब झूठ. आवाज करतं ते त्यात पडणारं. ओलं बेसन पडलं की तेच बिचारं ओरडतं, नाचतं, फेस काढतं, आणि तेल आपलं जागच्या जागी. आमच्या संसारात ती तेल, आणि ओलं बेसन मी.

मी बायकोबद्दल लिहायला बसलोय खरा, पण चौथीपर्यंत शिकलेला माणूस, तेसुद्धा मास्तरांना करमत नव्हतं म्हणून बसवून घेतलेला. पणजोबा इथल्या राजेसरकारांच्या फौजेत होते असं आमच्याकडे अजून छाती काढून सांगतात. मी म्हणतो, असतील, पण पळण्यात सगळ्यात पुढे असतील, नाहीतर आमचा वंश वाचला कसा? यावर लोक हसतात. लोक हसले की मला जेवल्यासारखं वाटतं. दुकान मोठ्या भावाचं, दादाचं, भट्टी माझी. गल्ल्यावर तो, धुरात मी. गिऱ्हाईक समोरून ओरडतं, "क्यों भिया, आज सेव में लौंग जास्ती हो गई क्या?" आणि मी आतून ओरडतो, "लौंग तो उतनीच है भिया, अक्कल कम पड़ गई!" सगळं दुकान हसतं. दादापण हसतो. त्याला स्वस्तातला भाऊ मिळालाय.

वंदना लग्न होऊन आली तेव्हा मार्गशीर्षातली थंडी होती आणि ती हसायची. कशी हसायची म्हणता, ओल्या मटारांची टोपली ओट्यावर पालथी करावी तशी. पदराचं टोक दातांत, एक हात बरगडीवर, आणि बांगड्यांचा असा नाद, की मी एक जोक संपवायच्या आत दुसरा काढायचो, तो नाद थांबू नये म्हणून. भांडायचीपण तशीच, सगळी भरून. दादासमोर काही म्हणायचं झालं की आधी डोळ्यांना पदर लागायचा, मग कारणं यायची, एकामागे एक, आणि मधे मधे उचकी. दादा ती कारणं भेंडी कापावी तशी कापायचा, टक टक टक, आणि शेवटी म्हणायचा, "तू आधी रडून घे, मग बोलू." घरातली हवा हलकी व्हावी म्हणून मी तिच्या उचकीची नक्कल करायचो. मस्त जमायची मला. मोठी वहिनी, दादाची बायको, हसून हसून भिंतीला टेकायची. वंदना रडता रडता माझ्याकडे बघायची, आणि मला वाटायचं, बघा, हिलापण आवडली.

एक दिवस दुपारी ती भट्टीपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो, तेल झालं हे तुम्हाला कळतं कसं?"

आता मला आयुष्यात कुणी काही विचारत नाही. मी फुगलो. झारा तलवारीसारखा धरला आणि सांगितलं, "हे बघ, आधी फेस येतो. बुडबुडे येतात. तोवर काही खरं नाही, बोट घातलं तरी चालेल. मग सगळं बसतं. अगदी तलावासारखं झालं, वर नुसती एक धुराची रेघ, की समजायचं आता हात जपायचा."

ती कितीतरी वेळ कढईकडे बघत राहिली. मला वाटलं, माझ्या ज्ञानावर फिदा झाली. येडा मी. बकऱ्यानेच सुरीला धार लावून दिली.

त्यानंतर ती बसत गेली, फेस बसतो तशी. आधी उचकी गेली. मग कारणं गेली. हात बोलताना हवेत उडायचे, ते मांडीवर येऊन टेकले, संध्याकाळी झाडावर चिमण्या येऊन टेकतात तसे, आणि मग तिथून उडालेच नाहीत. दिवाळीच्या गर्दीत दादा म्हणाला, "वंदना, उद्यापासून तूपण खाली पॅकिंगला ये." आधीची वंदना असती तर कंबर दुखते, पोरीचा, पल्लवीचा अभ्यास, घरातला फराळ, सगळं सांगत बसली असती. ही म्हणाली, "मी नाही येणार." आणि उभी राहिली. पळाली नाही, रुसली नाही, दादाच्या तोंडाकडे बघत उभी. दादा कारणाची वाट बघत राहिला. कारण आलंच नाही. हातात सुरी आणि समोर भेंडीच नाही! शेवटी तो "बरं बरं" म्हणाला आणि गल्ल्याकडे गेला. घराने तेव्हाच घाबरायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "हिची बॅटरी डाउन झाली वाटतं!" आणि हसलो. एकटाच.

पल्लवी आमची एकुलती एक. सिमरोलच्या मोठ्या कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला लागली. सकाळच्या बसने जाते, संध्याकाळी परत येते, अंगाला कसल्या तरी औषधाचा वास घेऊन. माझ्या अंगाला बेसनाचा. माझी पोर मला कशी झाली हे एक कोडंच आहे, मी दवाखान्यात चौकशीपण केली होती. तर दादाने तिच्यासाठी देपालपूरचं स्थळ काढलं. धान्याचा मोठा व्यापार, आपलेच मराठी लोक, आणि दुकानाचा चना दादा त्यांच्याकडूनच घेतो. नातं झालं की चना घरचा. मुलगा बरा होता. फक्त त्यांचं म्हणणं, मुलीने नोकरी सोडायची. पल्लवीने आईला एकाच शब्दात सांगितलं, नको.

ती माणसं यायची त्या दिवशी सकाळी वंदना मला म्हणाली, "अहो, पल्लवीला नको आहे. दादांना तुम्ही सांगा. ते लोक यायच्या आत."

"सांगतो ना," म्हणालो, आणि गेलोपण. दादासमोर उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि आतून निघालं काय, तर जोक. म्हणालो, "दादा, व्याह्यांना सांगून ठेव, मुलगी आईवर गेलीय, बापावर गेली असती तर चन्याबरोबर फुकट दिली असती." दादा खो खो हसला. पाठीवर थाप मारून म्हणाला, "बाळ्या, तू आहेस म्हणून या घराला रौनक आहे यार." मी खुश होऊन परत आलो. वंदनाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. विचारायचं काय? माझा चेहरा म्हणजे काचेची बरणी, आत काय नाही ते लांबूनच दिसतं.

आमच्यात बोलणी पक्की झाली की मुलीची आई उठते, मुलाच्या आईला कुंकू लावते, आणि तबकातला नारळ आणि साखर तिच्या हातात देते. तबक गेलं की मुलगी गेली. मग कुणी मागे घेत नाही. मोठ्या वहिनीने तबक सजवून वंदनाच्या मांडीवर आणून ठेवलं. दुपार कलली होती. खिडकीतलं ऊन तबकाच्या कडेवर येऊन बसलं होतं, कुंकवाचा करंडा पेटल्यासारखा दिसत होता. पोहे खाऊन झाले होते, चहा आला होता, दादा खुशीत होता.

"चल वंदना, ऊठ," दादा म्हणाला. "कुंकू लाव."

वंदना उठली नाही. दोन्ही हात तबकाच्या दोन्ही कडांवर, आणि नजर सरळ समोर. राग नाही, पाणी नाही, काही नाही. मुलाची आई हसून म्हणाली, "काय हो, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

पंखा फिरत होता. चहावर साय धरली. वहिनीने तबक घ्यायला हात पुढे केला, वंदनाने नुसतं तिच्याकडे बघितलं, हात परत गेला. पल्लवी दारात भिंतीला चिकटून उभी होती. शेवटी वंदना म्हणाली, घड्याळ बघून वेळ सांगावी तशी, "मुलीला नको आहे. मी हे देणार नाही."

"अगं, आमचं हसं करतेस काय चार लोकांत?" दादाचा आवाज चढला. त्याने नाक आणलं, खानदान आणलं, मेलेली आई आणली, सगळं एकेक करून तिच्यात टाकलं. टाकलेलं सगळं तडतडलं. ती नाही. दादाचं कपाळ ओलं झालं आणि त्याने माझ्याकडे बघितलं, बुडणारा दोरीकडे बघतो तसं.

मी दोरी झालो. म्हणालो, "राहू द्या हो! हिच्या आईने आमच्या वेळी असंच तबक दाबून धरलं असतं, तर ही बिचारी माझ्यासारख्या गाढवापासून वाचली नसती का?"

काय हसले सगळे! देपालपूरवाले तर मांडीवर हात मारून हसले. दादाच्या जिवात जीव आला. मला वाटलं, जिंकलो, आता हीपण हसेल, पदर दातांत धरेल आणि उठेल. वंदनाने हळूहळू मान वळवली. हसणं सगळं संपू दिलं, शेवटचा माणूस खोकून गप्प झाला तोवर थांबली, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"हो. तेच करतेय."

तेवढंच. पंखापण थांबला असता तर बरं झालं असतं. देपालपूरवाल्यांनी चपला शोधल्या. जाता जाता मुलाचे वडील माझा खांदा दाबून म्हणाले, "भिया, सेव चांगली होती."

मी स्वतःला जन्मभर गाढव म्हणत आलो, पण त्यातली गोम कुणाला सांगितली नव्हती. माणूस स्वतःला गाढव म्हणतो ते समोरच्याने छे छे म्हणावं म्हणून. लोकांच्या हसण्यातच ते छे छे असायचं. हो असं कुणी म्हणालं नव्हतं.

आता दादा कुठलीही गोष्ट ठरवायच्या आधी विचारतो, "वंदनाला विचारलं का?" पल्लवी बसने सिमरोलला जाते, आईला खिडकीतून हात करते. घर तिच्या शांततेभोवती फिरतं. माझ्यावर तिचा राग नाही, ती गरम पोळी वाढते, वर तूप. मी जोक मारला की फाटक उघडायची वाट बघावी तशी थांबते, मग विचारते, "अजून भाजी देऊ?" एकदा मी हिंमत करून म्हणालो, "अगं, तू त्या दिवशी गमतीत म्हणालीस ना?" ती ओवा निवडत होती. वर बघितलं, परत ओव्यात बघितलं. मग मीच म्हणालो, "गमतीतच असणार. तू गमतीच करतेस हल्ली. चांगलं आहे." तिने ते सगळं माझं मलाच परत दिलं, न बोलता.

मीपण एक दिवस शांत बसून बघितलं. कुणाला कळलं नाही. संध्याकाळी वहिनी म्हणाली, "भाऊजी, पोट बिघडलंय का?" थंड तेलपण शांतच असतं भिया, त्यात कुणीही बोट घालून जातं.

आता परत मार्गशीर्ष लागलाय, बाजारात ओले मटार आलेत. ती समोर बसून सोलते, दाणे ताटात पडतात, आणि त्या आवाजाला मी अजून मान वर करतो. मला वाटायचं, माणूस जातं ते दारातून जातं, निरोप घेऊन, सामान घेऊन. ही तर इथेच आहे, हात लांब केला तर लागेल एवढी. गेली ती हसणारी. कोणत्या वर्षी, कोणत्या दुपारी ती उठून गेली ते मला सांगता येत नाही, कारण ती जात होती तेव्हा मी बोलत होतो.