पहिल्या पानावरचं ‘नाही’

मी एक फाईल बोलतेय. हिरव्या पुठ्ठ्याची, कडांना चिकटपट्टी लावलेली. धुळ्याच्या एका दवाखान्यातल्या काउंटरवर जन्मले, तेव्हा माझ्या पोटात एकच कागद होता. आता इतकी फुगलेय की माझी दोरीही पुरत नाही.

यातलं बहुतेक सगळं संघमित्राचं. ती शिंदखेड्याच्या शाळेत शिकवते. तिचा नवरा युवराज नरडाण्याच्या कारखान्यात मशीनवर असतो. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. तिचं किती वेळा रक्त काढलं, किती सोनोग्राफ्या झाल्या, नळ्या तपासताना ती टेबलावर कशी कळवळली, ते सगळं माझ्यात आहे. आणि जवळजवळ प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच शब्द: नॉर्मल.

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत युवराजचा माझ्यात एकच कागद. अगदी पहिला. ‘पतीचे व्यसन’ यापुढे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘नाही’. तेव्हा त्याच्या खिशात सिगारेटचं पाकीट होतं. शेजारी बसलेल्या संघमित्राने ते वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि पेन परत दिलं. पुढच्या डॉक्टरांनी तेच उतरवून घेतलं, त्यांच्या पुढच्यांनीही. त्याच्या पिवळ्या बोटांकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. वीर्यतपासणीची चिठ्ठी दोनदा मिळाली. दोन्ही वेळा तो म्हणाला, “शिफ्ट बदलली की जाऊ.”

गेलं वर्षभर तर तो तिच्याजवळ येणंच टाळत होता. जमत नव्हतं. ते त्याने कंबरदुखीच्या नावावर खपवलं. भिंतीवरची ‘मर्दानी ताकदी’ची जाहिरात वाचून कसल्या पुड्या आणल्या, त्या दुधातून घेतल्या आणि वर सिगारेट ओढली! मी कपाटावरून बघत होते. मला हात असते तर कपाळावर मारून घेतला असता.

आणि एवढं झाल्यावर ठरलं काय? दुर्बिणीचं ऑपरेशन. संघमित्राचंच. तारीखही मिळाली. त्याआधी एकदा दुसऱ्या डॉक्टरांना विचारू, म्हणून ती मला घेऊन जळगावला डॉक्टर दिपमालांकडे गेली. युवराजही सोबत होता.

डॉक्टरीणबाईंनी मला उघडलं आणि नाकाशी नेलं.

“फाईल पानटपरीवर ठेवता का हो?”

युवराज हसला. “बसस्टँडवर मी धरतो ना मॅडम. लोक ओढतात आजूबाजूला.”

“लोक ओढतात आणि बोटं तुमची पिवळी होतात? दिवसाला किती?”

“दोन-तीन.”

“पाकीट,” संघमित्रा म्हणाली. “डबल शिफ्ट असली तर दीड.”

“तू मध्ये बोलू नको.”

“पोटाला भोकं माझ्या पाडणार आहेत. मग मध्ये कोण बोलणार?”



डॉक्टरीणबाई त्याला ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “धूर छातीतच थांबतो असं वाटतं का तुम्हाला? तो रक्तात जातो, रक्तवाहिन्या खराब करतो. रक्त नीट पोचलं नाही की पुरुषाला ताठरता येत नाही. शुक्रजंतू कमी होतात, जे असतात तेही मंदावतात. सगळ्यांचं तसंच होतं असं नाही. तुमचं काय झालंय ते तपासल्याशिवाय कळणार नाही. यांना टेबलावर घ्यायच्या आधी तुमची तपासणी.”

ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. पुढच्या आठवड्यात युवराज नमुना देऊन आला. रिपोर्ट त्याने बाकावर बसून तीनदा वाचला. शुक्रजंतू कमी, हालचाल मंद. “सुधारू शकतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हमी नाही. सिगारेट सोडा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.”

घरी सासूबाई, झुंबरबाई, दारातच उभ्या. “आते काय सांगं डॉक्टरनी? मन्हा पोऱ्यामा तं काही खोट नही ना?”

सहा वर्षं ज्या प्रश्नाला संघमित्रा खाली मान घालून उभी राहिली, त्याला आज युवराजने सगळं स्वतःवर घेत उत्तर दिलं. “शे, माय. खोट मन्हामाच शे.”  म्हातारीने आत जाऊन सुनेसाठी चहा टाकला. 

याला दोन महिने झाले. मी कपाटावर पडून आहे, कुणी मला उचलत नाही, आणि खरं सांगते, मला बरं वाटतं. काल युवराज शिफ्टवरून आला आणि चप्पल न काढताच म्हणाला, “आज एक ओढली.”

संघमित्राने त्याच्याकडे पाहिलं. “एकच?”

“एकच. शपथ.”

“शपथ नको. हात धुवा, जेवायला बसा.”

त्यांना मूल होईल का, मला ठाऊक नाही. तसा कागद माझ्यात अजून आलेला नाही. पण दवाखान्याच्या बाकांवर बायकोच्या मांडीवर माझ्यासारख्या फायली ठेवून बाहेर धूर सोडायला जाणाऱ्या भल्या माणसांनो, फार थकून सांगतेय. आत या. तुमच्या रकान्यात खरं लिहा. तिचं अंग टोचून टोचून तुमचा आजार सापडणार नाही.