मांडीवरचं मडकं

त्या काळी वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले, त्यामुळे शहाणपणही तिकडूनच यायचं. पोलिसांना शास्त्रोक्त तपास शिकवायचा वर्ग नागपूरला निघाला, आणि खामगावकडच्या एका ठाण्यातून मोतीराम जमादाराला धाडलं गेलं. दुसरं कोणी जायला तयार नव्हतं, हेही खरंच. पण परतला तो नवरदेवाच्या थाटात! काचेवरचा बोटाचा ठसा कसा उचलावा, चिखलातल्या पावलावर टोपली कशी पालथी घालावी, हे तो विचारणाऱ्याला सांगे आणि न विचारणाऱ्याला तर हटकून सांगे. सोमल नावाच्या विषावर त्याचं विशेष प्रेम जडलं होतं. "मानूस जळते, पन सोमल पुरता जळत नाही," तो म्हणायचा. "चिमूटभर राखेतूनबी काढतेत सायब लोक." ठाण्यातले त्याला राख्या जमादार म्हणू लागले, आणि बिचाऱ्याला त्याचाही अभिमानच वाटला.

त्या वर्षी पटकीनं मुलूख झोडपला होता. पिंपळगाव राजाच्या किसनरावांची बायको शालू उलट्या-जुलाबांनी रातोरात गेली. पटकीचं मढं घरात कोण ठेवतो? उजाडताच सरण पेटलं. शालूच्या आईला, मंजुळाबाईला, निरोप पोचला तेव्हा भेटायला राखच उरली होती. मंजुळाबाई विधवा, पदरात दोनच पोरी, थोरली शालू आणि धाकटी गीता. घरी जाऊन रडत बसण्याऐवजी ती सरळ ठाण्यात आली.

"पटकी नाही, जमादार. त्यानं काई तरी चारलं तिले. लेकरू होत नाही म्हून दुसरी करायची होती त्याले. दिवाळीत पोरगी म्हने, माय, मले वापस नको धाडू. म्याच धाडलं. नांद म्हनलं."

फौजदार वैतागला. "मढं जळालं, आता तपासू काय, धूर?"

"राख हाये ना, सायब," मोतीराम म्हणाला, आणि त्याची छाती बोटभर फुगली.

नदीकाठच्या मसणात सासरची माणसं राख सावडायला आली होती. त्यांना त्यानं मागं फिरवलं. पंच पटकीच्या भीतीनं लांबच उभे राहिले आणि अंगठा उठवून पळाले. मोतीरामनं राख आणि हाडांचे तुकडे नव्या मडक्यात भरले, तोंडाला फडकं बांधलं. आता लाखेची मोहोर लावायची, तर काड्या दमट! नदीपलीकडे कय्यूमची वीटभट्टी धुमसत होती, तिथून विस्तव आणणं भाग होतं.

मडकं हातातून सोडायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. जप्त केलेली वस्तू क्षणभरही नजरेआड होऊ देऊ नका, असं वर्गात घोकून घेतलं होतं. पण मंजुळाबाई समोर मातीत बसली होती. "दादा, तुमी इस्तो घिऊन या. तवर मांडीवर घेऊ द्या मले. जितेपनी भेटली नाही ती."

आता अशा बाईला नियम सांगायला काळीज दगडाचं लागतं. मोतीरामचं तसं नव्हतं. त्यानं मडकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि गेला. भट्टीवर कय्यूमनं चहा पाजला, त्यालाही यानं सोमलाची कथा ऐकवली. परतला तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्यानं लाख ओतली, मोहोर दाबली आणि मडकं रेल्वेनं तपासणीला रवाना केलं.

सरकारी घोडं ते. उत्तर यायला पावसाळा सरला. माणसाची राख, विषाचा अंश नाही. फौजदारानं मोतीरामला साऱ्या ठाण्यादेखत झापलं. मंजुळाबाईचे हाल त्याहून वाईट झाले. भल्या माणसावर आळ घेतला म्हणून गावानं तिला किसनरावांच्या पाया पडायला लावलं. त्यांनी मोठ्या मनानं माफ केलं म्हणे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका बैलचोरीच्या पंचनाम्याला मोतीराम तिच्या गावी गेला. तिला टाळूनच जाणार होता, पण तिनंच हाक मारली. तांब्या पुढं केला. चेहरा निवळलेला होता.

"रिपोट आला अन् डोक्यावरचा धोंडा उतरला, दादा. रोगानंच गेली माही पोर. म्या उगाच पाप बोलली. मंग किसनरावायनं गीताले मागतलं, तवा कोन्या तोंडानं नाही म्हनू? दोन मयने झाले लगनाले." ती थोडी घुटमळली. "एक लबाडी केली म्या तुमच्याशी. रागावू नका. तुमी इस्तो आनाले गेलते ना, तवा म्या तिच्या हाडाची फुलं ओटीत काढून घेतली. राखबी घेतली. पूर्णेत सोडली."

मोतीरामच्या हातातला तांब्या थांबला. "अन् मडक्यात?"

"बाजूच्या सरनाची भरली. ते सत्यभामाबाई म्हातारपनानं गेली होती ना, तिची. पन चिमूटभर शालूची राहू देली व्हती बुडाले. सायबाले चिमूटभर पुरते, तुमीच म्हनत होते."

"काऊन केलं असं, माय?"

"काचेच्या भांड्यात उकळतीन म्हने तिले. एक डाव वापस धाडली होती म्या. दुसऱ्या डावाले कशी धाडू?"

बोलावं तर या बाईचं सुख जातं, न बोलावं तर तिकडे गीता त्या घरात. असली वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मोतीरामनं सांगून टाकलं. "माय, त्या रिपोटात तुमची शालू नाही. म्हातारी इखानं मेली नाही, एवढंच सरकारनं लिहून देलं. चिमटीचं म्या उगाच फुशारकीनं बोललो."

"मंग शालूले..."

"देलं का नाही देलं, हे आता कोनालेच सांगता येनार नाही."

मंजुळाबाईनं त्याच्या हातातला तांब्या काढून खाली ठेवला. मग म्हणाली, "काल गीतानं मानूस धाडला व्हता. उलट्या होऊन राह्यल्या म्हने. म्या त्याले गूळ देला, दादा. म्हनलं, आता नातू खेळवीन."

ती उठली. दार तसंच उघडं टाकून, अनवाणी, पिंपळगावच्या वाटेला लागली. मोतीरामपाशी हुकूम नव्हता की पुरावा. मेलेल्यांचं सगळं त्याला शिकवलं होतं, जित्या पोरीला नवऱ्याच्या घरातून कसं आणायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं पंचनामा तसाच टाकला आणि तिच्या मागं निघाला. ऊन चढत होतं, आणि पिंपळगाव अजून कोसभर लांब होतं.